केर

सेलमच्या गल्लीत मामाचं गलाईचं दुकान होतं,
आठ बाय दहाचं, भट्टीसकट.
मी अकरा वर्षांचा. विट्याच्या स्टँडवर
आईनं खिशात भाजक्या शेंगा कोंबल्या
आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवली.
डोळे दिसू नयेत म्हणून, हे पुढं कळलं.
पुढं म्हणजे फार पुढं.

माझ्याकडं केर होता.
सोनारांच्या पेढ्यांतला केर पोत्यानं विकत यायचा.
जाळायचा, कुटायचा, घमेल्यात हेलकावत धुवायचा,
तळाशी नखाएवढं पिवळं उरेपर्यंत.
एकदा घमेलं निसटलं. आठवड्याचं सगळं
मोरीतून गेलं.

हिंदुरावमामानं मारलं नाही.
वळ उठले असते, जिरले असते.
तो गिऱ्हाइकाकडं बघून हसत म्हणाला,
"ह्याच्यापरीस केराला किंमत आहे."

तेवढंच.
ते वाक्य मी तीस वर्षं नीट सांभाळलं.
लग्नात बरोबर नेलं.
बायको वर्षात माहेरी गेली, परत आली नाही,
तेव्हा तेच दारात उभं राहून म्हणालं, बघ.

सोनं तापल्यावर शुद्ध होतं, असं लोक सांगतात.
मी भट्टीपुढं बसलोय.
तापून ते नुसतं वितळतं.
शुद्ध व्हायला तेजाब लागतं,
आणि तेजाबाचा तांबूस धूर
कुणाच्या तरी छातीत जातो.

मामाच्या छातीत गेला.
शेवटी मी पायाशी बसलो होतो,
विचारायचं ठरवून.
त्यानं डोळे उघडले, म्हणाला,
"जालिंदर, भट्टी विझवलीस का?"
म्हटलं, विझवली.
बाकीचं राहूनच गेलं.

आता विट्यात काटे दुरुस्त करतो.
शेजारी यंत्रमाग, रात्री दहापर्यंत खडखड.
वायफाय घेतलंय, म्हणून सांजच्याला पोरं येतात.
कुणाचे आईबाप रांचीला, कुणाचे कोचीनला,
सगळे गलाईवर.
पोरं ओट्यावर बसून फोनवर त्यांना
मार्क सांगतात, पडलेला दात दाखवतात.
मी कुणाला बोलावलं नव्हतं.
पहिल्या वर्षी तर कुरकुरत होतो.
मग एक बाकडं आणलं. मग एक ट्यूबलाइट.

पाऱ्याचा प्रज्वल बोलत नाही.
आई जोरहाटहून विचारते, जेवलास का रे,
हा फोन आभाळाकडं धरतो.
तिकडं अंधार लवकर पडतो.
इथलं ऊन तो तिला दाखवत असतो
हे कळायला मला दोन महिने लागले.

परवा त्याचा धक्का लागून
सराफाचा काटा खाली आला, काचेच्या पेटीसकट.
माझ्या तोंडात मामा आला.
जिभेवर आला, दातांपर्यंत आला,
त्याच आवाजात, तसाच हसत.
पोरगं भिंतीला चिकटून माझ्या तोंडाकडं बघत होतं.
ती नजर मला पाठ होती.

"पाय उचलू नको," मी म्हटलं. "काच आहे.
थांब, चप्पल देतो."

एवढंच सुचलं. मोठं काही नाही.
हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

आम्ही दोघांनी मिळून झाडलं.
सराफाला काय सांगायचं ते अजून ठरलं नाही,
पैसे मलाच भरावे लागतील.
प्रज्वल जाताना उंबऱ्यात घुटमळला,
"काका, उद्या यायचं नाही ना?"
"लवकर ये," म्हटलं, "स्क्रू निवडायचेत,
मला बारीक दिसत नाहीत आता."
तो पळाला. कोपऱ्यापर्यंत चपला वाजल्या,
माझ्याच, दोन नंबर मोठ्या.

शटर ओढायच्या आधी
जुन्या सवयीनं सुपली दिव्याखाली धरली,
हलकेच हेलकावली.
काचेशिवाय काही चमकत नव्हतं.

टाकून दिला केर.